अकरा फेब्रुवारीपासून कोरं

"काका, बरं झालं आलात. त्या बाजूनं जरा धरता?"

घड्याळकाका दारातच थबकले. तीन जिने चढून त्यांचे गुडघे कुरकुरत होते. आजचं हे नववं दार. आधी ते संडे स्कूलच्या टीचरच्या घरी गेले होते. शेजारणीनं या घरचा पत्ता देऊन पिटाळलं. आल्यावर निदान घोटभर पाणी तरी मागावं, असा त्यांचा विचार होता. पण समोर खाटेवर एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि टीचर ओल्या फडक्यानं त्याची पाठ पुसत होती. खोलीत औषधाचा आणि लघवीचा वास कोंडला होता. दिवसभर शाळेचे गणवेश शिवून ती थेट इकडे आली असावी. केसांत निळ्या दोऱ्याचे तुकडे अडकले होते.

"टीचर, मी कार्ड बघायला आलोय."

"पर्समध्ये आहे. तुम्हीच काढून घ्या. माझे हात ओले आहेत."

त्यांच्या चर्चच्या मंडळीत तशी पद्धतच होती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक कार्ड मिळायचं. वर्षभरात अख्खं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचं आणि रोजचा भाग झाला की त्या तारखेच्या घरात खूण करायची. डिसेंबरात घड्याळकाका घरोघर फिरून कार्डं तपासत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, काटा जरा मागे पडला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लोकही काही कमी बेरकी नव्हते. आज सकाळी एका घरात दार उघडायला पाच मिनिटं लागली, आणि हातात आलेल्या कार्डावरची शाई अजून ओली होती. काकांनी निमूट सही ठोकली. खरं सांगायचं तर त्यांना या कामाचा वीट आला होता.

टीचरच्या कार्डावर दहा फेब्रुवारीपर्यंत खुणा होत्या. पुढं सगळं कोरं. एक नाही, दोन नाही, दहा महिने कोरे.

काकांना मनापासून वाईट वाटलं. संडे स्कूलचा लहान मुलांचा वर्ग ती अकरा वर्षं घेत होती. नवरा गेल्यापासून ती हसताना दिसायची ती त्या एका तासात. पण नियम म्हणजे नियम. ज्याचं कार्ड अपुरं, त्याला वर्ग नाही. नियम काकांनीच आग्रहानं करून घेतला होता. त्यात अलीकडे ती प्रवचनात पेंगते, शेवटचं गीत संपायच्या आत पळ काढते, अशी कुजबुजही त्यांच्या कानावर आली होती.

"एक दिवससुद्धा नाही?"

"नाही, काका. पुस्तक उघडते रोज. पुढं सरकणं होत नाही."

"आणि प्रार्थना?"

"बसते की. बसल्या बसल्या डोळा लागतो."

थोडं खोटं बोलली असती तर काकांना सोपं गेलं असतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. ते बघून टीचरचा हात थांबला.

"वर्ग काढून घेणार का हो माझा?" तिनं विचारलं. "तेवढा एक राहू द्या ना."

"उद्या पाळकांना यादी द्यायची आहे," काका पुटपुटले. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"पाणी गार पडलं! अक्कल गहाण टाकलीय का?" म्हातारा भिंतीकडूनच खेकसला. अंगातलं बळ सगळं गेलं होतं, जीभ तेवढी धडधाकट होती.

"झालंच, आबा. काका, यांना या कुशीवर घ्यायचंय. खांद्याखाली हात घाला. सावकाश हं."

काकांनी पेन खिशात टाकलं आणि हात घातला. म्हातारा वळला. त्याच्या तोंडावर खिडकीतला उजेड पडला आणि काका जागच्या जागी थिजले.

हे तोंड ते विसरणं शक्यच नव्हतं. आठ वर्षांपूर्वी, टीचरच्या नवऱ्याचं दफन होऊन चार दिवसही झाले नव्हते, तेव्हा याच माणसानं, तिच्या त्या वेळच्या घरमालकानं, तिचं सगळं सामान रस्त्यावर काढलं होतं. भाच्याला खोली हवी होती म्हणे. शिलाई मशीन त्यानं स्वतःच्या हातानं जिन्यावरून लोटून दिलं होतं. त्या मशीनचे तुकडे गोळा करणाऱ्यांत काका होते. त्या दिवशी मनातल्या मनात त्यांनी या माणसाला ज्या शिव्या हासडल्या, त्या मंडळीच्या पंचाला शोभणाऱ्या नव्हत्या.

"टीचर, हा तर..."

"तेच." तिनं चादर सारखी केली. "मुलगा परदेशी असतो. तीन आया ठेवल्या, तिन्ही यांच्या तोंडापायी पळाल्या. फेब्रुवारीत कानावर आलं, दोन दिवस तसेच पडून आहेत. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ येते."

"माफ केलंत याला?"

ती कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"कुठलं हो. रोज जिना चढताना राग येतो. कधी कधी वाटतं, असंच टाकून निघून जावं."

"मग कशाला करताय हे? दहा महिने झाले!"

टीचरनं बादलीत फडकं पिळलं आणि पुन्हा म्हाताऱ्याच्या पायाशी बसली.

"अकरा तारखेच्या भागात वैऱ्याचं भलं करायला सांगितलंय, काका. ते अजून करून झालेलं नाही. मग खूण कशी करू?"