पाचव्यांदा उघडलेलं कार्ड

"पाचवी बारी हाय ही, जावईबापू," वीरप्पा म्हणाले. "एकच मोटार म्या पाचदा भरली असती, तर जळकोटात कुणी दारात उभं केलं नसतं."

शंभुलिंगनं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून भिंतीला टेकवलं. सासऱ्यांनी खुर्ची बरोबर त्याच्या समोर ओढून घेतली होती. चाळीस वर्षं त्यांनी विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरायचं काम, केलं होतं. दुसऱ्याचं काम बघताना त्यांचं तोंड कडू व्हायचं, आणि जावयाचं बघताना जास्तच.

"परंड्यात दुकान चालतं न्हवं तुमचं?"

"चालतं, मामा."

"गिऱ्हाइकं आंधळी असतील."

आतून सासूबाईंचा, नागम्मांचा आवाज आला. "तीन एसट्या बदलून आलेत ते. घोटभर पाणी तरी पिऊ द्या."

"पाज की. काम येत न्हाय म्हणलं म्या. पाणी पिता येत न्हाय म्हणलं का?"

शंभुलिंग हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं कार्डाची क्लिप दाबली आणि कार्ड बाहेर ओढलं.

त्याची बायको शिवांजली घरांची थ्रीडी चित्रं काढायची. कुणाला बंगला बांधायचा असला की आधी तिच्याकडं यायचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शंभुलिंगनं तिच्यासाठी पुण्याहून हे ग्राफिक्स कार्ड आणलं होतं, वापरलेलं. दीड वर्षापूर्वी ती गेली. तेराव्यानंतर नागम्मांनी तिचा कॉम्प्युटर मागून घेतला. आता धाकटी भुवनेश्वरी त्याच्यावर तेच काम करायची. आज ती तुळजापूरला कॉलेजात गेली होती.

कॉम्प्युटर जळकोटला आला आणि कार्ड तापायला लागलं. चित्र निम्मं झालं की पडदा काळा. मग वीरप्पांचा फोन. "तुमची वस्तू तापायली. येऊन बघा." एवढंच बोलून ठेवून द्यायचे.

दुसऱ्या कशाला त्याला या घरातून बोलावणं येत नव्हतं. सणाला नाही, जत्रेला नाही. लेक न्हाय तर जावई कशाचा, असं भावकीतलं कुणी त्याच्या तोंडावर बोललं होतं. वीरप्पा तिथंच बसले होते. त्यांनी बोलणाऱ्याला अडवलं नव्हतं.

"वापरलेली वस्तू दिली माझ्या लेकीला," वीरप्पा म्हणाले. "अन् वर तिच्यात लावता काय, तर पेस्ट. दात घासायची का?"

"चिपवर लावायची असते, मामा. मेमरीवर हे मऊ पॅड. आतली उष्णता वरच्या ॲल्युमिनियमला पोचवतात. सुकले की बदलायचे."

"तीन-चार महिन्यांत सुकतात? वडापाववाल्याचं तेलबी ह्याच्यापेक्षा जास्त चालतं."

शंभुलिंगनं पिशवीतून नवे पॅड काढले आणि कात्रीनं कापायला घेतले.

"भुवी लॅपटॉप मागायली," वीरप्पा म्हणाले. "बरोबरच हाय तिचं. ह्या बारीला जमलं न्हाय तर हे भंगारात. तुमचाबी हेलपाटा मिटला."

कात्री थांबली. "भंगारात कशाला, मामा? नीट होईल की."

"चारदा हेच म्हणलात."

नागम्मा चहा ठेवून गेल्या. वीरप्पांनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"तुमची आई पोरगी बघायली म्हणं. वाशीची."

"बघायली."

"मग?"

"मी व्हय म्हणलो न्हाय."

"व्हय म्हणा. त्या पोरीच्या बापाला अजून माहीत नसंल तुमच्या हातात काय कसब हाय ते."

शंभुलिंगनं खाली मान घालून उरलेला पॅड कापला. या माणसाचं शिवांजलीवर सगळ्यात जास्त प्रेम होतं, असं ती सांगायची. तिचं ऐकून तेव्हाही त्याला खरं वाटलं नव्हतं.

"जेवूनच जावा," नागम्मा आतून म्हणाल्या. "शेंगादाण्याची चटणी केलीया."

"जेवतील की," वीरप्पा म्हणाले. "जेवणाला कसब लागत न्हाय."

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. कुणीतरी जळालेली मोटार घेऊन आला होता. वीरप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाहेर गेले.

शंभुलिंगनं कार्ड उलटं करून मांडीवर घेतलं. एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवला. वरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक डावीउजवीकडं जरा हलवून सैल केला आणि उचलला.

नव्या पॅडला दोन्ही बाजूंनी पातळ, पारदर्शक फिल्म असते. लावण्याआधी ती काढावी लागते, नाहीतर उष्णता तिथंच अडून राहते. शंभुलिंगला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मागच्या चारही बारीला त्यानं वरची फिल्म काढली होती आणि खालची मुद्दाम ठेवली होती. कार्ड तीन-चार महिने कसंबसं चालायचं, आणि मग जळकोटहून फोन यायचा.

आज एकाही पॅडला फिल्म नव्हती.

कुणीतरी ती सोलून काढून आठही पॅड जागच्या जागी बसवले होते. चिपवरची पेस्टही नवी होती, वाइंडिंगला वार्निश द्यावं तशी पातळ, कडेपर्यंत सारखी. हे कार्ड तापणं शक्यच नव्हतं. मग तीन दिवसांपूर्वी तो फोन आला कशाला?

हीटसिंक हातात धरूनच त्यानं दाराकडं बघितलं.

"जावईबापू," बाहेरून वीरप्पांचा तोच कडू आवाज आला, "लई शहाणपण करू नका. दर बारीला बसवता तसंच बसवा."