ढोल्याचा उतार

सकाळपासून ढोल्या मागच्या दाराशी बसून होता आणि पाऊस काही खळ घेत नव्हता.

दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. कुत्र्याचं वय झालं होतं, मागचे पाय लटपटायचे, त्या तीन पायऱ्या आता त्याला उतरवत नव्हत्या. दिवसातून दोनदा त्याला उचलून अंगणात नेण्याचं काम शेजारचा ट्रकवाला करायचा. त्याचाच मघाशी फोन येऊन गेला होता. "काकू, पुलावरून पाणी चाललंय. संध्याकाळपर्यंत माझं काही खरं नाही."

"पेपर अंथर की त्याला," खिडकीजवळच्या खुर्चीतून वायरमन बायकोला म्हणाला.

"दोनदा अंथरला. जीव गेला तरी घरात करायचा नाही तो."

वायरमननं मान पुन्हा खिडकीकडे वळवली. तीस वर्षं खांबांवर चढलेला हा माणूस तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा. पाय सुधारत होता. डॉक्टर म्हणायचे, चाला. तो म्हणायचा, बघू.

तिनं ढोल्याच्या पोटाखाली हात घालून बघितले. कमरेत अशी कळ आली की ती तिथेच टेकली. कुत्रा कण्हला आणि ओशाळल्यासारखा दुसरीकडे बघू लागला.

मग ती उठली. अडगळीच्या खोलीतून न्हाणीघराचं जुनं दार तिनं ओढत ओढत आणलं आणि दोन स्टुलांवर आडवं टाकलं. लाकूड भक्कम होतं, फक्त खालची कड पाण्यानं कुजली होती. मांजर, म्हणजे मावशी, लगेच त्यावर चढून बसली.

"हे काय चाललंय?"

"उतार करतेय. ढोल्यासाठी."

"तुला जमणार आहे का?"

"लोकांचे ब्लाउज जमतात. हे तर सरळ आहे."

तिनं गळ्यातली टेप काढली, शिलाईच्या खडूनं रेघ मारली. वायरमन खुर्चीतून मान लांबवून बघत होता.

"कुजकं संपलं तिथे रेघ मार. दोन बोटं खाली कशाला?"

"शिवणीला ठेवलंय."

"लाकडाला कसली शिवण गं!" त्याच्या नाकातून हवा निघाली. ते हसू असावं.

तिनं रेघ पुसली, दुसरी मारली आणि करवत लावली. ती तीनदा अडकली. चौथ्यांदा अख्खं दारच स्टुलांवरून सरकलं आणि मावशी उडी मारून शिलाई मशीनखाली पळाली.

"दाबू नकोस. करवतीला तिच्या वजनानं चालू दे. अंगठ्याचा आधार दे आधी. अगं, तसं नाही... दार हलतंय म्हणून अडकतेय. त्याला कुणीतरी धरायला हवं."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की घरात दुसरं कुणीच नाही. ती करवत हातात धरून नुसती उभी राहिली.

भिंतीला धरत, पाय ओढत वायरमन आला आणि त्या दारावरच बसला, पूर्ण वजनानिशी. "हं. आता काप."

करवत चालली. पायांवर भुसा पडत राहिला आणि तो सांगत राहिला, डावीकडे घे, थांब, आता सरळ. तीन महिन्यांत तो सलग इतकं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

दार उंबऱ्यावरून खाली सोडून झालं. मधे विटांचा टेकू दिला. ढोल्यानं एक पंजा टाकला, तो ओल्या लाकडावरून सर्रकन घसरला, आणि कुत्रा जो मागे सरला तो थेट खुर्चीखाली.

"आडव्या पट्ट्या माराव्या लागतील," वायरमन म्हणाला.

दार परत आत आलं. फळांच्या खोक्याच्या पट्ट्या उचकटल्या, खिळे शोधले. पट्टी कुणी धरायची आणि खिळा कुणी, इथे काम अडलं. वायरमननं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि पट्टीवर ठेवून दिला.

"ह्याला निदान वजन तरी आहे," तो म्हणाला आणि डाव्या चिमटीत खिळा धरला.

"बोटावर बसेल हो."

"मार गं. बसलं तर बसलं."

सहा पट्ट्या बसल्या. त्यातल्या दोन तिरक्या होत्या. दार पुन्हा उंबऱ्यावरून खाली गेलं. ढोल्या वरच्या टोकाला येऊन थांबला. तिनं चुचकारलं, बिस्किट दाखवलं. तो हलेना. तो वायरमनकडे बघत होता.

"मी पुढे गेल्याशिवाय यायचा नाही तो," वायरमन हळूच म्हणाला.

"मग?"

त्यानं अंगणाकडे पाहिलं. नंतर तिच्या खांद्यावर डावा हात ठेवला. "सावकाश चल."

एकेका पट्टीला पाय अडवत दोघं उतरली. पाऊस डोक्यावर, मानेवर, सदऱ्यात. पाठोपाठ ढोल्या पोट घासत आला, कडेच्या गवतापर्यंत कसाबसा पोचला आणि उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला, की दोघांनाही हसू आवरेना.

"चला आता आत. चिंब झालात."

वायरमन हलला नाही. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं आणि तो मान वर करून छपराकडे बघत होता.

"ती कोपऱ्यातली पन्हळ निसटलीय."

"कधीचीच."

"सगळं पाणी भिंतीत मुरतंय. पाऊस थांबला की शिडी काढ."

"शिडीवर आता कोण चढणार?"

"तू," तो म्हणाला. "मी खाली धरतो."