चार मिनिटं बारा सेकंद

“मामा, जपानचा एक माणूस लिहितो, गावच्या बँडकडून असं जॅझ त्यानं जन्मात ऐकलं न्हाई,” रागिणी म्हणाली.

गोरेगावच्या जीप स्टँडसमोर मसाजीचं बँडचं दुकान. दुपारची वेळ होती. मसाजी मांडीवर क्लॅरिनेट घेऊन फडक्यानं पुसत होता.

“जॅझ म्हंजे?”

“तुमी वाजवता ते. मोठा बँड असला की त्याला बिग बँड म्हणत्यात म्हणं.”

मसाजी हसला. ती धून त्याला हैदराबादच्या एका म्हाताऱ्या उस्तादानं शिकवली होती, पण तिला काय म्हणतात ते काही सांगितलं नव्हतं. दोन आठवड्यांमागं शिवप्रसादच्या धाकट्या लेकाच्या वरातीत, त्यांच्या दारातच, अठरा जणांनी ती वाजवली. बँडच्या गाडीवर बसून मसाजीच्या सुनेनं, रागिणीनं, ती फोनवर उतरवून घेतली आणि चार दिवसांखाली इंटरनेटवर टाकली. आता चाळीस हजार लोकांनी ऐकली होती.

रागिणी एकेक वाचत गेली. गोव्याच्या एका म्हाताऱ्यानं ट्रम्पेटवाल्यांना नमस्कार सांगितला होता. पुण्याची एक बाई विचारत होती, क्लॅरिनेटवर कोण आहे, त्यांची बोटं एकदा बघायची आहेत. मसाजीनं आपली बोटं फडक्याखाली घेतली. लाजल्यासारखं झालं त्याला.

मग रागिणी वाचता वाचता थांबली.

“वाच की.”

“काही न्हाई मामा. असंच काहीतरी.”

“वाच.”

“‘चार मिनिटं बारा सेकंदाला मागं कोण ओरडतंय?’”

त्याच्याखाली लोकांची लाइन लागली होती. एक म्हणत होता, ट्रम्पेट फाटलाय. दुसरा म्हणत होता, हेडफोन लावून ऐका. तिसऱ्याचं कामच आवाजाचं होतं. त्यानं बाजा बारीक करून तिथले चार सेकंद वेगळे काढून पाहिले होते. त्यानं लिहिलं होतं, “बाई आहे. ‘कडी काढा’ म्हणतेय. ‘बाहेरची कडी काढा.’ दोन वेळा.”

मसाजीनं क्लॅरिनेट खाली ठेवली.

वरातीच्या त्याच दिवशी, बँड दारात वाजत असताना, शिवप्रसादची थोरली सून निलम मागच्या खोलीत जळून गेली होती. गॅसचा भडका झाला, दार तिनं आतून लावलं होतं, असं घरच्यांनी सांगितलं. पोलिसांनी बँडवाल्यांनाही विचारलं. “आमाला काही ऐकू आलं न्हाई साहेब,” असं सांगून मसाजीनं सही केली. त्यात खोटं काही नव्हतं.

रागिणीनं वायर त्याच्या कानात घातली. आधी त्याचीच क्लॅरिनेट आली. मग ट्रम्पेट चढले, ताशा एक ठोका थांबला, आणि त्या फटीत ती होती.

त्यानं वायर काढली. आवाजापेक्षाही त्याला दुसरंच काही आठवलं होतं. बरोबर त्याच जागी शिवप्रसाद घरातून पळत बाहेर आला होता. दोन्ही हात वर करून म्हणाला होता, “थांबू नका मास्तर. अजून जोरात.” माणूस आनंदात आहे असं मसाजीला वाटलं होतं. त्यानं ट्रम्पेटवाल्यांना खूण केली. आणि ती धून त्यांनी पुन्हा तीनदा वाजवली.

फोन वाजला. मसाजीचा.

“मास्तर, ते गाणं काढून टाका.” शिवप्रसादचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

“काहून?”

“लोक काहीबाही लिहून राहिले. आमच्या घरात दुःख झालेलं. तुमाला समजतंय.” मग त्यानं विचारलं, “सुनबाईनं टाकलं म्हणं. तिच्याच फोनमधी हाय का ते?”

मसाजीनं रागिणीच्या हातातल्या फोनकडं पाहिलं.

“दुकानातच बसा. येऊन राहिलो.”

मसाजीनं फोन खाली ठेवला. समोर हिंगोलीची जीप भरत आली होती.

“रागिणी, ऊठ. त्या जीपीत बस. हिंगोलीला पोलिसांच्या मोठ्या साहेबाच्या कचेरीत जा अन् हे ऐकव. मास्तर जबाब बदलायला येऊन राहिला म्हणून सांग.”

“अन् तुमी?”

“तो येईल. त्याला इथं बोलण्यात गुतवतो.”

रागिणीनं त्याच्याकडं पाहिलं. फोन पिशवीत तळाशी घातला, पदर खोचला आणि रस्ता ओलांडला. मागच्या बाकावर दोन बायांनी सरकून तिला जागा दिली. जीप निघाली.

मसाजीनं दोन खुर्च्या दुकानाबाहेर मांडल्या. शेजारच्या हॉटेलात दोन चहा सांगितले. काय काय बोलायचं ते मनात जुळवत तो उभा राहिला.

वळणावर शिवप्रसादची पांढरी गाडी दिसली. रस्ता अरुंद होता. गाडी कडेला उतरली आणि तिनं जीपला वाट दिली. मागच्या उघड्या बाकावरच्या रागिणीला घेऊन जीप गाडीच्या अगदी काचेजवळून धूळ उडवत निघून गेली. मसाजीनं रामराम करायला हात जोडले.

गाडी पुढं आली नाही. धूळ बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग मागं सरकली, वळली, आणि काही घाई नसल्यासारखी जीपच्या मागं निघाली.