फळ्यावरचं नाव

१९७८ साली प्रशिक्षण घेऊन परतलेल्या ग्रंथपाल कुमुदबाईंनी गावच्या वाचनालयात बायकांचा वाचनवर्ग सुरू केला. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे, छान वाचणाऱ्या अंजिराचं नाव त्यांनी कौतुकाने दारातल्या फळ्यावर लिहिलं. ती घरी दळणाला जाते असं सांगून येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नाव वाचून तिचा नवरा काठी घेऊन आत शिरला. "हे तुझं दळण होय गं?" पहिल्याच घावात तिचं कपाळ फुटलं. दुसरा कुमुदबाईंनी मनगटावर झेलला, हाड मोडलं.

"बाई, सरका!" म्हणत अंजिराने पेपर अडकवायची लाकडी दांडी उपसली आणि त्याच्या गुडघ्यावर हाणली.

तो जन्मभर लंगडला. कुमुदबाईंचं मनगट वाकडंच राहिलं. अंजिरा परत नांदायला गेली नाही, माहेरच्या गावी ग्रंथपाल झाली आणि नव्या ग्रंथपालांना शिकवू लागली, "बाईला आधी विचारायचं, घरी सांगून आलीस की चोरून? कौतुक नंतर."