वाडीत वाढलेला पाऊस

“तीन वर्षं या डब्याला वीतभर सरकवायला दिल्लीची परवानगी लागत होती, आणि साहेब येतोय म्हटल्यावर काल याला पाय फुटले,” सकुबाई पुटपुटली. शाळेच्या नव्या खोलीच्या भिंतीलगत ती उकिडवी बसली होती आणि बुजवलेल्या खड्ड्यावर शेणाचा हात फिरवत होती. खड्डा दिसता कामा नये, असं मुख्याध्यापक ज्ञानेश्वर गुरुजींनी दोनदा बजावलं होतं. कुठलीही गोष्ट एकदा सांगून त्यांचं समाधान होत नसे.

त्या खड्ड्यातून उपटलेला पाऊस मोजायचा डबा आता मैदानाच्या मधोमध उभा होता. भोवती चुन्याचा गोल. नवरदेवही इतका नटत नाही.

डबा दिल्लीच्या मंत्रालयाचा. खेड्यातल्या शाळांनी रोज पाऊस मोजायचा आणि आकडे संशोधनाला पाठवायचे, अशी योजना होती. पंचाण्णव साली तो मुरबाडहून टेम्पोत बसून म्हसा गावाजवळच्या या वाडीत आला. मोजायचं सकाळी साडेआठला, आणि शाळा भरायची साडेदहाला. म्हणून काम सकुबाईकडे आलं. ती शाळेची झाडलोट करायची, पुढे खिचडीही शिजवू लागली. स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली. दशांश चिन्ह तिने पाचवीच्या पोरांच्या मागे उभं राहून, केरसुणी हातात धरून शिकून घेतलं. रविवार असो, गणपती असोत, वही कोरी राहिली नाही. सासरा वारला त्या सकाळीही आधी डबा, मग रडणं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्याच मंत्रालयाच्या शिक्षणाच्या योजनेतून शाळेला नवी खोली मिळाली. कागदावर ती शाळेच्या मागे होती. मागे खणल्यावर कातळ लागला. तो फोडत कोण बसणार? खोली पुढे आली, थेट डब्याच्या उशाशी. तेव्हापासून जरा वारा सुटला की पत्र्याच्या पागोळ्या डब्यात पडायच्या.

सकुबाईने पहिल्याच आठवड्यात गुरुजींना दाखवलं होतं. गुरुजींनी बराच विचार केला. डबा हलवायचा तर दिल्लीला लिहावं लागेल, लिहिलं तर खोली पुढे कशी आली ते विचारतील, आणि विचारलं तर खोलीच जायची. सरपंच चंदर म्हणाला, वहीतल्या आकड्याने कुणाचं काय बिघडतंय? सकुबाईलाही ते पटलं होतं. खोलीत पोरं कोरडी बसत होती. दिल्लीतल्या आकड्याला सर्दी थोडीच होणार होती!

दिल्लीचे साहेब दुपारी आले. मूळचे वऱ्हाडातले, मराठी बोलणारे, पायातले बूट धुळीचे. त्यांनी डबा पाहिला, चुन्याचा गोल पाहिला, समाधानाने मान डोलावली. मग नव्या खोलीत बसून सकुबाईच्या सगळ्या वह्या मागवल्या. एकेक पान उलटताना त्यांचा चेहरा खुलत गेला. पावसाळ्यातला एकही दिवस सुटलेला नाही, असं देशात फार थोड्या ठिकाणी आढळतं, असं ते म्हणाले. दिल्लीच्या अहवालात निरीक्षक म्हणून बाईंचं पूर्ण नाव छापून येईल. सकुबाईचे कान तापले. आजवर तिचं नाव छापलं होतं ते फक्त मतदार यादीत, तेही वय दहा वर्षांनी वाढवून.

मग साहेबांनी नकाशा उलगडला. बातमी आनंदाची होती. आजूबाजूला कुठेही फरक नाही, पण इथला पाऊस तीन वर्षांत सव्वापट झाला आहे. तेव्हा येत्या जूनपासून इथल्या माळावर हळवं भात बंद. त्याऐवजी गरवं पेरायला सांगायचं, पीक जास्त येतं. बियाणंही वाटायचं ठरलंय.

हळवं भात लवकर पिकून मोकळं होतं. गरव्याला अखेरपर्यंत पायाशी पाणी लागतं, आणि माळ तर दसऱ्याच्या आधीच भेगाळतो. सकुबाईची स्वतःची अर्धा एकर जमीन माळावर होती, चंदरची दोन एकर. तिने चंदरकडे पाहिलं. चंदर आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहत होता, जणू ते कालच उगवलं होतं. गुरुजी म्हणाले, पाऊस खरंच वाढलाय साहेब, हल्ली छत्र्या टिकत नाहीत.

साहेब हसले आणि सकुबाईकडे वळले. “बाई, तुम्ही सांगा. इथला पाऊस तुमच्याइतका कुणी पाहिलेला नाही.”

“सकुबाय, साहेबांचा चा थंड व्हतोय,” चंदर घाईने म्हणाला.

सकुबाईने कपाला हात लावला नाही. आपण सांगितलं की सगळ्याच वह्या रद्दीत जातील, हे तिला कळत होतं. नाव जाईल. खोलीचंही काय होईल, देव जाणे. पण एक आकडा दिल्लीपर्यंत गेला होता आणि आता बियाण्याचं पोतं होऊन परत येणार होता. तिच्याच हातचा आकडा. तिने वह्यांमधून दोन हजार चार सालची ओढली, जूनचं पान उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोटाला अजून शेणाचा वास होता.

“हितवरचा पाऊस माझा,” ती म्हणाली. “त्याखाली माझं नाव छापा. हितून फुडं मी पाऊस नाय मोजला, साहेब. तुमच्या या खोलीचा पत्रा मोजला.”