मधली भिंत

मधली भिंत पडली तर चावीवाल्याला निव्वळ चाळीस लाखांचा फायदा होता. त्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा, शेजारचा काकूंचाही तेवढाच. वेगवेगळे विकले तर दोन खुराडी. भिंत पाडून एक केले तर चौथ्या मजल्यावरचं प्रशस्त घर. गिऱ्हाईकही तयार होतं, एक दातांचे डॉक्टर. अडून बसल्या होत्या त्या फक्त काकू.

जुने फ्लॅट घ्यायचे, भाड्याने द्यायचे, भाव चढला की विकून टाकायचे, हा त्याचा धंदा. कमरेच्या जुडग्यात नऊ घरांच्या किल्ल्या खुळखुळत, म्हणून सगळे त्याला चावीवाला म्हणत. त्याला त्यात अपमान वाटत नसे. किल्ल्या खऱ्या होत्या.

"इमारतीला लिफ्ट नाही, तुमचे गुडघे गेलेले," तो काकूंना म्हणाला. "दोन वर्षांत खाली उतरला नाहीत. कशाला जीव अडकवून बसलाय इथे?"

"एकाची वाट बघतेय. तो आला की सोडीन घर. त्याआधी नाही."

त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. विशी-बाविशीचा पोरगा, ओठावर कोवळी मिशी. "मुलगा का? कुठे असतो?"

काकूंनी तळहाताने फोटोची काच पुसली. "चौदा वर्षं झाली," एवढंच बोलल्या.

पळून गेलेली पोरं परत येत नसतात, हे चावीवाल्याला ठाऊक होतं. वाट पाहणाऱ्या माणसाशी भावाची घासाघीस करता येत नाही, हेही ठाऊक होतं.

गोडीगुलाबी संपली की त्रास. त्याने आपल्या फ्लॅटात रात्रभर गाणी बडवणारी कॉलेजची पोरं आणून ठेवली. काकूंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि झोपल्या. पोरं मात्र भाडं बुडवून पसार झाली.

"आता पुढचा कोण?" काकूंनी हसत विचारलं. मग त्यांचा आवाज उतरला. "कोणीही आणा बाबा, फक्त तो आणू नका. नाक्यावरच्या गॅरेजात लागलाय म्हणे एक, खुनाची शिक्षा भोगून आलेला. झाडूवाली सांगत होती, कोणी खोली देत नाही त्याला. तसला माणूस भिंतीपलीकडे आला तर मी मिळेल त्या भावात घर काढीन. हात जोडते तुम्हाला."

माणसं आपल्या दुखऱ्या जागेवर स्वतःच बोट ठेवून दाखवतात, असं मनाशी म्हणत चावीवाला जिना उतरला आणि थेट नाका गाठला.

शिक्षा भोगून आलेला तो गॅरेजवाला चाळिशीच्या अलीकडचा, खांदे पडलेला. बोलताना जमिनीकडे बघायचा. "मी कोण ते कळल्यावर काढू नका, साहेब."

"कळलंय म्हणूनच देतोय. अर्धं भाडं दे."

भाडेकरू आणून देणाऱ्या त्याच्या एजंटने कपाळाला हात लावला. "अहो शेठ, खुनी माणूस, तोही अर्ध्या भाड्यात? दान करताय का?"

"याला गुंतवणूक म्हणतात. तू तुझं कमिशन बघ."

पण गुंतवणूक फळेना. पंधरवड्याने तो अंदाज घ्यायला गेला, तर काकूंचं दार सताड उघडं. गॅरेजवाला ओट्याशी बसून जेवत होता. नळ दुरुस्त करून झालेला, पान्हा शेजारी पडलेला.

"सावकाश जेव रे," काकू सांगत होत्या. "इथे कोणी ताट ओढून नेत नाही."

"बरं, आई."

आई. भिंतीवरचा फोटो आता काढून ठेवलेला होता. चावीवाल्याने तो चेहरा आठवला, मग त्या माणसाच्या जबड्याकडे पाहिलं. चौदा वर्षं. डोक्यात ट्यूब पेटली. 'तो आणू नका' म्हणे. आईची लाज ती, दुसरं काय. घाबरवायला म्हणून त्याने काकूंचा पोरगाच आणून दिला होता, आणि वर निम्मं भाडं सोडलं होतं. हसावं की रडावं त्याला कळेना.

दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन आला. "घ्या घर. ज्याची वाट बघत होते तो आला. पैसे मात्र एकरकमी पाहिजेत, आणि मी सांगेन तेवढे."

रक्कम चांगलीच चढी होती. त्याने दात-ओठ खाऊन भरली. भिंत पडली की सगळं वसूल होणार होतं.

घर सोडायच्या सकाळी त्याने दोन हमाल लावून काकूंना खुर्चीसकट चार मजले खाली उतरवलं. काकूंबरोबर एक पिशवी आणि तो फोटो, बस.

"आणि गॅरेजवाला?" त्याने विचारलं. "त्यालाही खोली रिकामी करावी लागेल."

"रात्री जेवायला बोलावून नीट निरोप दिलाय मी त्याला. तुम्हाला आता त्याचा काही त्रास नाही."

"ड्रायव्हरला कुठे सांगू?"

"मी सांगते त्याला."

टॅक्सी वळली. गवंडी घण घेऊन वर गेला आणि तसाच पांढराफटक होऊन खाली आला. चावीवाला धावत वर पोचला. गॅरेजवाल्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तो अंथरुणावर मुडपून पडला होता, ओठ निळे, अंग थंड.

धापा टाकत तो पोलीस ठाण्यात शिरला, तर समोरच्या बाकावर काकू. मांडीवर फोटो, शेजारी काळ्या कोटातला वकील. साहेबाच्या टेबलावर जबाबाची शाई अजून ओली होती.

"काकू," त्याचा आवाज चिरकला, "पोटच्या पोराला?"

काकूंनी फोटो त्याच्याकडे वळवला. "पोटचं पोर हे. चौदा वर्षांपूर्वी त्यानं याला भोसकलं. कोर्टात जायचं मला धाडस झालं नव्हतं, म्हणून त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं." त्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या. "सुटल्याचं कळलं. पण या गुडघ्यांनी मी कुठे जाणार होते त्याच्याकडे? तुम्ही दारात आणून दिलात."

वकील शहरातला सर्वांत महागडा होता. निम्मं सोडलेलं भाडं, हमालांची मजुरी आणि त्या काळ्या कोटाची एकरकमी फी, सगळं चावीवाल्याच्याच खिशातून गेलं होतं.