चारची नाडी

अठरा पेशंट आणि एकटी नर्स, म्हणून तिने चार वाजताच्या नोंदी तीनलाच भरून टाकल्या. सगळेच भरतात. नेमके सात नंबरचे आजोबा साडेतीनला गेले. धावाधावीत तसाच राहिलेला चार्ट धापा टाकत आलेल्या लेकीच्या हाती लागला. “चार वाजता नाडी ब्याऐंशी लिहिलीय! म्हणजे बाबा आहेत! सिस्टर, पुन्हा तपासा ना, पाया पडते!” शेजारच्या वॉर्डातून आलेली मोठी सिस्टर नर्सच्या कानात कुजबुजली, “घड्याळ पुढे होतं म्हण, मोकळी हो. नोकरी जाईल, बये.” लेक वडिलांचा गार हात चोळतच राहिली. नर्स तिच्याजवळ गेली. “ताई, ती नाडी मी बघितलीच नव्हती. आधीच मनाने लिहिली.” चोळणं थांबलं. “आणि दोनची?” “ती खरी आहे, देवाशप्पथ! आजोबा बोलले माझ्याशी. तुमची वाट बघत होते.” लेकीने चार्ट मिटला. “हेपण मनानेच सांगताय ना?”